कपाटात न जाणारा कॅमेरा
(प्रस्तावना)

दिवाळीच्या आवराआवरीत पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या खणातून एक काळी बॅग खाली उतरते. आत डीएसएलआर कॅमेरा असतो. बॉडीला लावलेली छोटी लेन्स, शेजारी कंपनीच्या पिशवीतून कधी बाहेरच न आलेली लांब लेन्स, आणि मेलेली बॅटरी. चार्जर सापडलाच तर कार्डावरचा शेवटचा फोटो दिसतो, तो कुणाच्या तरी बारशाचा. ते बाळ आता दुसरीत गेलेलं असतं. "केवढ्याला घेतला होता!" असं कुणीतरी म्हणतं, बॅगेवरची धूळ पुसली जाते आणि ती पुन्हा वर जाते.

नवशिक्यांचे छायाचित्रणाचे वर्ग घेताना अशा बॅगा मी इतक्या पाहिल्या आहेत की हे पुस्तक त्यांच्यामुळेच लिहिलं गेलं, असं म्हणायला हरकत नाही. वर्गाला येण्याआधी बहुतेकांचा फोन येतो. "सर, पन्नास हजारांत कुठला कॅमेरा बसेल?" मी विचारतो, "फोटो कशाचे काढायचेत?" पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग उत्तर येतं, "तसं सगळ्याचेच." ज्यांना सगळ्याचेच फोटो काढायचे होते, त्यांचेच कॅमेरे पुढे कपाटात गेले, हे मला उशिरा उमगलं. आणि ज्यांनी आधी काहीतरी कुरकूर सांगितली, म्हणजे "लेकीचं नृत्य फोनवर नुसतं धुरकट येतं" किंवा "खंड्या दिसतो, पण फोटोत ठिपकाच उमटतो", त्यांचे कॅमेरे आजही वापरात आहेत.

या पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात हेच आहे. कॅमेरा हे एका तक्रारीचं उत्तर असतं. तक्रार हातात नसताना उत्तर विकत घेतलं, तर ते कितीही महागाचं असो, पडून राहतं. कॅमेऱ्यांचा सगळा इतिहास याच नजरेनं वाचता येतो, म्हणून नवख्या वाचकाला तो थोडा सांगतो.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली आणि काही महिन्यांतच छायाचित्रणाची कला हिंदुस्थानच्या बंदरांत उतरली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे या कलेत रमलेल्या पहिल्या भारतीयांपैकी एक. तेव्हा फोटो काढायचा म्हणजे लाकडी पेटी, तिवई, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि काळोखासाठी तंबू असा बाडबिस्तरा घेऊन निघावं लागे. त्या काळच्या छायाचित्रकाराची तक्रार उघड होती: एवढं ओझं वाहायचं कुणी? १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनच्या कोडॅकनं तिला उत्तर दिलं. शंभर फोटोंचा रोल आतच भरलेला, आणि रोल संपला की आख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवून द्यायचा. ओझं गेलं, पण दर्जावरचा ताबाही गेला. मग १९२५ मध्ये ऑस्कर बर्नाकच्या रचनेतून लायका आला. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट धरणारा, कोटाच्या खिशात मावणारा. आज ज्याला 'फुल फ्रेम' म्हणतात, ती हीच चौकट.

तरी एक तक्रार उरलीच. या छोट्या कॅमेऱ्यांत बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारी लेन्स वेगळी. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातातला प्रसिद्ध रोलायफ्लेक्स आठवा. त्याला एकावर एक अशा दोन लेन्स. वरची बघायला, खालची टिपायला. लांबच्या दृश्याला फरक पडत नसे, पण माणूस जवळ आला की दिसलेली चौकट आणि उमटलेली चौकट यांत तफावत पडायची. लेन्सला जे दिसतं तेच डोळ्याला दिसावं, या हट्टातून एकाच लेन्सचा, आरसा बसवलेला कॅमेरा, म्हणजेच एसएलआर, घडत गेला. ३५ मिलिमीटरचा किने एग्झाक्टा १९३६ मध्ये आला, पण त्यात खाली मान घालून बघावं लागे आणि दृश्य डावं-उजवं उलटं दिसे. १९४९ च्या काँटॅक्स एसमध्ये पंचकोनी प्रिझम बसलं आणि दृश्य सुलटं होऊन डोळ्यासमोर आलं. फोटो घेतल्यावर आरसा वरच अडकून पडायचा आणि समोर अंधार व्हायचा; १९५४ च्या असाहीफ्लेक्सच्या सुधारित आवृत्तीत तो आपसूक खाली येऊ लागला. १९५९ मध्ये निकॉन एफनं हे सारं एका दणकट यंत्रात एकत्र आणलं आणि वार्ताहरांच्या गळ्यात तो कॅमेरा पडला.

आपल्या घरांत मात्र ही क्रांती पुष्कळ उशिरा पोचली. इथं अॅग्फा क्लिक थ्रीचं राज्य होतं. एका रोलवर बारा फोटो, त्यामुळे सहलीला निघताना बाराही आधीच वाटून दिलेले असत. पुढे हॉट शॉट आला, याशिका आला. 'एसएलआर' हा शब्द लग्नाच्या फोटोग्राफरकडून किंवा कलामहाविद्यालयातल्या कुणाकडून ऐकू यायचा. पेन्टॅक्स के१०००, जो १९७६ पासून जवळजवळ दोन दशकं तसाच बनत राहिला, तो शिकणाऱ्यांचा लाडका होता. कारण त्यात शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सगळं हातानं जुळवायचं, चूक झाली तर ती रोल धुतल्यावर कळायची, आणि प्रत्येक चुकीचे पैसे मोजावे लागायचे.

ती शेवटची तक्रार, म्हणजे रोलचा खर्च आणि वाट पाहणं, डिजिटलनं मिटवली. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी जे यंत्र बनवलं, त्याचं चित्र ०.०१ मेगापिक्सेलचं होतं आणि ते कॅसेटवर साठवायला २३ सेकंद लागत. १९९१ मध्ये कोडॅकनंच निकॉनच्या बॉडीला डिजिटल पाठ जोडून पहिला विक्रीयोग्य डीएसएलआर, म्हणजे डिजिटल एसएलआर, काढला. १९९९ चा निकॉन डी१ वृत्तपत्रांत शिरला, आणि २००३ मध्ये कॅननच्या ३००डीनं हजार डॉलरची पातळी मोडून हौशी माणसाला दार उघडलं. २००८ मध्ये निकॉन डी९० आणि कॅनन फाइव्ह डी मार्क टू यांनी डीएसएलआरमध्ये व्हिडिओ आणला. त्यानंतरच्या दशकात इथल्या मध्यमवर्गीय घरांत 'डीएसएलआर घेणं' हा गाडी घेण्यासारखा एक टप्पा झाला. कपाटातल्या बहुतेक बॅगा त्याच काळातल्या.

त्याच २००८ साली आणखी एक गोष्ट घडली, जिची फारशी कुणी दखल घेतली नाही. पॅनासोनिकनं जी१ नावाचा कॅमेरा काढला, ज्यात आरसाच नव्हता, म्हणजे मिररलेस. सेन्सरवर पडलेलं दृश्य थेट छोट्या पडद्यावर दाखवता येतं, तर आरसा हवा कशाला, असा साधा हिशेब. आरसा गेला की बॉडी पातळ होते, खटका कमी होतो आणि फोटो कसा उमटणार हे बटण दाबण्यापूर्वीच दिसतं. २०१३ मध्ये सोनीनं फुल फ्रेम सेन्सर अशा बॉडीत बसवला, २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघेही त्या वाटेला लागले, आणि २०२० मध्ये जगभर पाठवल्या गेलेल्या कॅमेऱ्यांत मिररलेसची संख्या डीएसएलआरच्या पुढे गेली. त्या वर्षानंतर कॅनन आणि निकॉन यांनी नवा डीएसएलआर काढलेला नाही. पेन्टॅक्स मात्र अजून आरशाशी इमान राखून आहे.

म्हणजे हे पुस्तक मावळत्या यंत्राविषयी आहे का? काही अंशी, हो. आणि म्हणूनच ते आता हवं होतं. दहा वर्षांपूर्वी नवशिक्यासमोर दोन कंपन्या आणि चार मॉडेलं होती. आज त्याच्यासमोर तीन वाटा आहेत: खिशातला फोन, नवा मिररलेस, आणि वापरलेला किंवा दुकानात उरलेला डीएसएलआर. मावळत्या वाटेचा एक मोठा फायदा असतो, तिथं माल स्वस्त होतो. व्यावसायिक छायाचित्रकार मिररलेसकडे वळले, तशा त्यांच्या उत्तम लेन्स निम्म्याशिम्म्या किमतीत सेकंड हँड बाजारात आल्या. शिकू पाहणाऱ्याला, विशेषतः विद्यार्थ्याला, एवढी चांगली संधी पूर्वी नव्हती. पण स्वस्त म्हणून उचललेली वस्तू कपाटात जायला आणखीच कमी वेळ लागतो.

या क्षेत्रातल्या सल्ल्यांचेही पंथ आहेत, आणि नवशिक्यानं ते ओळखून ठेवावेत. पहिला पंथ बॉडीवाल्यांचा. मेगापिक्सेल किती, सेकंदाला किती फोटो, फोकसचे बिंदू किती, यावर ते कॅमेरा तोलतात. कॅनन की निकॉन हा वाद याच पंथातला, आणि बहुतेक वेळा तो बाजारात तुरी अशा अवस्थेत चालतो. दुसरा पंथ लेन्सवाल्यांचा. बॉडी पाच वर्षांत जुनी होते, लेन्स पंचवीस वर्षं टिकते, म्हणून पैसे काचेत घाला, असं ते सांगतात. तिसरा पंथ डोळावाल्यांचा: यंत्राला महत्त्व नाही, नजर हवी. हे म्हणणाऱ्यांच्या खांद्यावर बहुधा लाखाचा कॅमेरा असतो, ही वेगळी गोष्ट. चौथा पंथ नवा, फोनवाल्यांचा: फोन सगळं करतो, बाकी ओझं.

चारही पंथांत तथ्य आहे. घोटाळा असा की प्रत्येक जण स्वतःच्या तक्रारीचं उत्तर दुसऱ्याला देत असतो. पक्ष्यांमागे धावणाऱ्याला फोकसचा वेग खरंच महत्त्वाचा असतो. माणसांचे चेहरे टिपणाऱ्याला काच महत्त्वाची. मुंबईच्या सफाई कामगारांचं जिणं वर्षानुवर्षं टिपणाऱ्या सुधारक ओलवे यांच्या कामात सगळ्यात मोठा वाटा आहे तो माणसांजवळ पुन्हा पुन्हा जाण्याचा. आणि जेवणाच्या ताटाचा फोटो बहिणीला पाठवायचा असेल, तर फोनवाल्यांचंच खरं.

मग स्वतःची तक्रार शोधायची कशी? या पुस्तकाचा आरंभ एका फुकट परीक्षेनं होतो. फोनमधले गेल्या वर्षभराचे फोटो उघडा आणि जे काढायचे होते पण जमले नाहीत, ते वेगळे करा. साधारण चार ढीग पडतात. काही फोटोंत विषय फार लांब राहिलेला असतो: भिगवणचे रोहित, ताडोबातला वाघ, मैदानावरची मॅच. काहींत प्रकाश अपुरा असतो: शाळेचं स्नेहसंमेलन, देवळाचा गाभारा, विसर्जनाची रात्र. काहींत हालचाल पुसट होते. काहींत फोनचा पार्श्वभूमी धूसर करण्याचा खेळ फसतो आणि आजीच्या केसांची एक बट भिंतीत विरघळते. ज्या ढिगात सर्वांत जास्त फोटो, ती तुमची तक्रार. एकही ढीग पडला नाही, तर हे पुस्तक मिटून पैसे वाचवा. मला वाईट वाटणार नाही.

तक्रार कळली की पुढचा प्रश्न लेन्सचा, बॉडीचा नव्हे. लांबच्या विषयाला ३०० किंवा ४०० मिलिमीटर लागतात. प्रकाश कमी असेल तर लेन्सचं छिद्र किती मोठं उघडतं हे पाहायचं. किटबरोबर येणारी १८-५५ लेन्स लांब टोकाला एफ/५.६ वर थांबते. ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स, जी प्रत्येक कंपनीच्या स्वस्त लेन्समध्ये मोडते, तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. स्नेहसंमेलनाच्या अंधाऱ्या सभागृहात नवी बॉडी जे करू शकत नाही, ते ही मुठीएवढी लेन्स करते. तिचीही एक अडचण आहे. नवशिक्यांच्या डीएसएलआरमध्ये सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असतो, निकॉनमध्ये साधारण २३.५ बाय १५.६ आणि कॅननमध्ये २२.३ बाय १४.९ मिलिमीटर. त्यामुळे दृश्य दीडपट किंवा १.६ पट जवळ आल्यासारखं कापलं जातं. ताडोबात हे वरदान ठरतं. दहा बाय दहाच्या खोलीत बारशाचा फोटो घेताना मात्र पाठ भिंतीला टेकते आणि तरी पाळणा चौकटीत मावत नाही. अशा घरात ३५ मिलिमीटरची लेन्स बरी.

लेन्स ठरली की तिच्याबरोबर माउंट ठरतो, म्हणजे लेन्स आणि बॉडी जोडणारी कडी. ही सोयरीक आहे. बॉडी बदलता येते, पण माउंट बदलला की लेन्सचा संसार पुन्हा मांडावा लागतो. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. त्यामुळे जुन्या लेन्सचा साठा अफाट आहे. पण नातं जुळतं का हे विचारूनच घ्यावं. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुनी एएफ-डी लेन्स बसते, पण फोकस हातानं करावा लागतो. कॅननची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम बॉडीवर बसतच नाही. दुसरीकडे, दोन्ही कंपन्यांच्या डीएसएलआर लेन्स जोडकडी लावून त्यांच्याच मिररलेसवर वापरता येतात. म्हणून आज घेतलेली चांगली लेन्स उद्या वाया जाईल ही भीती मोठी नाही.

बॉडी यानंतर येते. आणि इथं आकड्यांची भुरळ सर्वांत जास्त. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० बिंदू. त्यातून २० बाय १३ इंचांचा उत्तम प्रिंट निघतो. भिंतीवर एवढा प्रिंट किती घरांत लागतो? आठ बाय बारासाठी नऊ मेगापिक्सेलही पुष्कळ झाले. त्यापेक्षा दुकानात कॅमेरा हातात धरून पाहावा. करंगळी पकडीबाहेर लोंबते का? चष्मा लावून खिडकीतून चारही कोपरे दिसतात का? बोट न शोधता बटणावर जातं का? डी३५०० ची बॉडी बॅटरीसकट ४१५ ग्रॅम, तर फुल फ्रेमच्या डी८५० ची किलोभर. हा फरक दुकानाच्या काउंटरवर कळत नाही. राजगडाच्या चोरदिंडीत कळतो. डीएसएलआरची बॅटरी मात्र चिवट असते. डी३५०० एका चार्जमध्ये दीड हजार फोटोंचा दावा करतो, तर प्राथमिक मिररलेस बहुधा तीन-चारशेवर थकतात. वारीबरोबर चालणाऱ्याला, जिथं रात्री चार्जिंगसाठी रांग असते, हा आकडा मेगापिक्सेलपेक्षा मोलाचा.

पैशांचं गणितही उलट बाजूनं मांडावं लागतं. पन्नास हजार हाताशी असतील तर पन्नास हजारांचा कॅमेरा घेणं म्हणजे नमनालाच घडाभर तेल. दुसरी बॅटरी, दोन कार्डं, बॅग, ट्रायपॉड, फोटो साठवायला हार्ड डिस्क, आणि आपल्या हवेत तर ओलाव्यापासून बचाव, हे सगळं त्यातच बसवायचं. माझा ठोकताळा असा की एकूण रकमेचा निदान चौथा हिस्सा या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींसाठी बाजूला काढावा. दोन लेन्सच्या जोडसंचाचा मोहही आवरावा. लांबच्या ढिगात फोटो नसतील, तर ती दुसरी लेन्स पिशवीतच राहणार आहे.

ओलाव्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण परदेशी पुस्तकांत हा विषय दोन ओळींत उरकतात आणि आपल्याकडे लेन्स सर्वांत जास्त यानंच मरतात. माझा पहिला एसएलआर मी चामड्याच्या केसमध्ये, केस मखमली पिशवीत आणि पिशवी लोखंडी कपाटात ठेवली होती. जीव लावण्याची तीच रीत वाटायची. एक पावसाळा गेला. गणपतीत लेन्स उजेडासमोर धरली, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. फंगस. चामडं ओल धरतं, अंधार फंगसला पोसतो, आणि ती वाढताना काचेवरचा लेप खाते. दुरुस्ती करणाऱ्यानं लेन्स उघडून पुसली, तरी लेपावरचे डाग राहिलेच. दोष कुणाचा नव्हता, माझाच. मुंबई, कोकण, गोवा इथं पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेल घालून ठेवावा, जेल अधूनमधून वाळवावं, आणि आतली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राखावी. त्याहून सोपा उपाय म्हणजे कॅमेरा वापरत राहणं. हवेत आणि उजेडात असलेल्या लेन्सला फंगस सहसा धरत नाही. कपाट हा कॅमेऱ्याचा शत्रू आहे, हे नुसतं बोलण्यापुरतं नाही.

हेच ज्ञान सेकंड हँड खरेदीत उपयोगी पडतं. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात, किंवा ओळखीतून कुणाकडे, वापरलेला कॅमेरा बघायला जाताना खिशात छोटी बॅटरी न्यावी. म्हणजे टॉर्च. लेन्समधून तिचा झोत टाकून मागून पाहिलं की धागे, धूळ, ओरखडे दिसतात. छिद्र एफ/१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरचे डाग उमटतात. शटर किती वेळा उघडलं आहे हे विचारावं. प्राथमिक बॉडीचं शटर साधारण एक लाखासाठी बनवलेलं असतं. निकॉनच्या फोटोत हा आकडा नोंदलेला सापडतो, कॅननसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. बॉडीवरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. आणि नवा घेताना 'बिलाशिवाय दोन हजार कमी' हे ऐकू आलं की तिथून निघावं. बाहेरून परस्पर आणलेल्या मालाला इथली वॉरंटी नसते; पक्कं बिल आणि शिक्क्याचं वॉरंटी कार्ड हाच त्यातला फरक.

या पुस्तकात मॉडेलांच्या याद्या नाहीत. त्या छापून येईपर्यंत शिळ्या होतात. कुठल्या कंपनीची शिफारसही नाही. इथं निवडीची रीत आहे: आधी तक्रार, मग लेन्स, मग माउंट, मग बॉडी, आणि या सगळ्याला वेढून पैसे आणि हवामान. ही रीत डीएसएलआरला लागू आहे तशीच मिररलेसलाही आहे. आरसा राहिला काय नि गेला काय, काच आणि प्रकाश यांचे नियम तेच राहतात. म्हणून डीएसएलआर न घेता मिररलेस घेणाऱ्यालाही पुस्तक वाया गेल्यासारखं वाटू नये. तांत्रिक शब्द जसे दुकानात आणि वर्गात बोलले जातात तसेच ठेवले आहेत. 'शटर'ला 'झडप' म्हटल्यानं काउंटरवर कुणाला काही कळणार नाही. पण शटर म्हणजे काय आणि ते फोटोला काय करतं, हे साध्या मराठीत सांगायचा प्रयत्न आहे.

जाता जाता एक उदाहरण. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवत होते. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण त्या खरेदीच्या आधीच, ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहून, आपल्या देवादिकांना पडद्यावर आणायचं त्यांनी मनात धरलं होतं. विषय आधी आला, यंत्र नंतर. आणि यंत्र आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याच्यासमोर कॅमेरा ठेवून त्याची वाढ टिपली. मिनिटभराची ती फिल्म, 'अंकुराची वाढ', पाहून पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसला.

कॅमेरा घेतलात तर पहिला महिना दुसरं काहीही विकत घेऊ नका. खिडकीत एक कुंडी ठेवा, वाटाणा पेरा, आणि रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून एक फोटो काढा. उजेड बदलेल तसं छिद्र आणि शटर हातानं जुळवा. महिन्याअखेर तुमच्याकडे तीस फोटो असतील, कॅमेरा हातात बसलेला असेल, आणि तो ठेवायची जागा कपाटात नसून खिडकीजवळच्या टेबलावर ठरलेली असेल.